परदेशी बँकेवर फौजदारी खटला: आरोपीच्या पिंजऱ्यात नक्की कोण उभे राहते?

अनामिका (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी पदवीच्या वर्गाला अर्थशास्त्र शिकवते. आंतरराष्ट्रीय बँकिंगच्या तासाला बीएनपी पारिबाचे प्रकरण निघाले. २०१४ साली या फ्रेंच बँकेने अमेरिकी न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि ८.९७ अब्ज डॉलर भरले. २००४ ते २०१२ या काळात सुदान, इराण आणि क्युबावरचे अमेरिकी निर्बंध डावलून तिने पैसे फिरवले, असे ते प्रकरण. वर्गातल्या एका मुलीने उभे राहून विचारले, "बँक पॅरिसची. सुदानचे व्यवहार बघणारी माणसे जिनिव्हात बसलेली. फ्रान्सचे स्वतःचे निर्बंध एवढे कडक नव्हतेच. मग न्यूयॉर्कच्या न्यायाधीशाचा यात संबंध काय?"

तिला मी पुढच्या आठवड्यात सविस्तर उत्तर देणार आहे. डॉलर अमेरिकेचे आहेत, एवढ्या एका वाक्यावर तिची बोळवण करायची नाही. त्यात माझे स्वतःचेही काही प्रश्न आहेत. फौजदारी गुन्ह्याला मनातला हेतू लागतो. हजारो कर्मचारी असलेल्या, पाच-पन्नास देशांत पसरलेल्या संस्थेचे मन कुठे शोधायचे? आणि शेवटी दंडच होणार असेल, तर तो नियामकानेही करता येतो. त्याला "गुन्हा" म्हणून वेगळे काय साधते?

ज्यांनी हे काम जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया लिहावे. पाठ्यपुस्तकात या विषयाला अर्धे पान दिलेले आहे.

---

रोखठोक

शेवटच्या प्रश्नाचे माझे उत्तर: काहीही साधत नाही. क्रेडिट सुईसने मे २०१४ मध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल केला, अमेरिकी करदात्यांना पैसा लपवायला मदत केल्याबद्दल. २.६ अब्ज डॉलर भरले. मे २०२५ मध्ये त्याच समूहाच्या एका कंपनीने पुन्हा तशाच प्रकारचा गुन्हा कबूल केला, पुन्हा ५१ कोटी डॉलर भरले, आणि २०१४ च्या कबुलीजबाबातल्या अटी मोडल्याचेही मान्य केले. पहिल्या शिक्षेने वचक बसला असता तर दुसरी वेळ आलीच नसती.

बँकेला तुरुंगात घालता येत नाही. दंड भागधारकांच्या खिशातून जातो, आणि त्यातल्या बहुतेकांनी गुन्हा घडला तेव्हा तो शेअर घेतलेलाही नसतो. ज्याने सही केली तो बोनस घेऊन निवृत्त होतो. माणसांवर खटले चालवा, संस्थेवर नकोत, असे माझे ठाम मत आहे.

---

खतावणी

अनामिकाताई, तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न फार चांगला आहे, आणि त्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकापेक्षा पेमेंटच्या रस्त्यात जास्त सापडते. मी बरीच वर्षे एका मोठ्या बँकेच्या करस्पॉन्डंट बँकिंग विभागात, म्हणजे दुसऱ्या बँकांची खाती आणि पेमेंट सांभाळणाऱ्या विभागात, पेमेंट तपासणीच्या टेबलावर काम केले. बँकेचे नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. काम सगळीकडे सारखेच असते.

आधी रस्ता समजून घेऊ. जिनिव्हातल्या बँकेने ग्राहकासाठी एक कोटी डॉलर पाठवायचे ठरवले, तर ते डॉलर जिनिव्हातून कुठे जात नाहीत. डॉलर न्यूयॉर्कमध्येच असतात. जिनिव्हाच्या बँकेचे न्यूयॉर्कमधल्या एखाद्या बँकेत स्वतःचे डॉलर खाते असते (त्याला नॉस्ट्रो खाते म्हणतात), पैसे घेणाऱ्या बँकेचेही तसेच तिथे खाते असते, आणि एका खात्यातून दुसऱ्यात नोंद पडते. ही नोंद फेडवायर किंवा चिप्स या, बँकांमध्ये डॉलर वळते करणाऱ्या अमेरिकी यंत्रणांतून होते. देणारा आणि घेणारा जगाच्या कुठल्याही कोपऱ्यात असोत, नोंद अमेरिकी जमिनीवर पडते. खटल्याची पकड इथे बसते. नोटेवर कोणाचे चित्र आहे याला काही महत्त्व नाही. नोंद करणारी संस्था तिथल्या कायद्याला बांधलेली असते, आणि जिनिव्हाच्या बँकेने तिच्याकडून निषिद्ध काम करवून घेतलेले असते.

म्हणूनच या प्रकरणांतला खरा ऐवज म्हणजे संदेश. न्यूयॉर्कच्या टेबलावर बसलेल्या माणसाला ग्राहक दिसत नाही, फक्त स्विफ्टचा, म्हणजे बँकांच्या आपसातल्या संदेशजाळ्याचा, संदेश दिसतो. त्यात पाठवणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, कशासाठी, एवढे रकाने असतात. आमची प्रणाली त्या रकान्यांतली नावे निर्बंधांच्या यादीशी ताडून पाहायची. जुळले की अलर्ट, आणि अलर्ट आला की पेमेंट थांबले. आता ज्याला हे थांबणे नको आहे तो काय करेल? नावच काढून टाकेल. ब्रिटनच्या लॉइड्स बँकेने २००९ साली अमेरिकेशी ३५ कोटी डॉलरचा समझोता केला तो यासाठीच. एबीएन अॅम्रो, बार्कलेज, आयएनजी यांची प्रकरणेही त्याच मालिकेतली. या धंद्यात त्याला स्ट्रिपिंग म्हणतात.

दुसरी वाट त्याहून सोपी होती. ग्राहकाचा संपूर्ण तपशील असलेला एमटी १०३ संदेश थेट घेणाऱ्या बँकेकडे पाठवायचा, आणि न्यूयॉर्ककडे फक्त एमटी २०२ पाठवायचा, जो बँक ते बँक असतो. त्यात ग्राहकाचे नाव लिहायला जागाच नव्हती. न्यूयॉर्कच्या टेबलाला दोन बँका दिसायच्या, मागचा माणूस कधीच नाही. अशा कव्हर पेमेंटमध्ये ग्राहकाचा तपशील भरावाच लागेल असा नवा संदेश नोव्हेंबर २००९ मध्ये लागू झाला. त्याआधी आम्ही पेमेंटबद्दल खुलासा मागवला की उत्तरात "आमचा एक ग्राहक" एवढेच लिहून यायचे. कोण ग्राहक? पुन्हा विचारले की तेच. तिसऱ्यांदा विचारले की वरून फोन यायचा, की समोरची बँक जुनी आणि मोठी आहे, पेमेंट सोडा. माझी एक सहकारी तरीही सोडत नसे. तिच्याविषयी मला आजही फार आदर आहे.

आता मन शोधण्याच्या तुमच्या प्रश्नाकडे येते. रोखठोक म्हणतात माणसांवर खटले चालवा. चालवाच, माझी हरकत नाही. पण अशा गुन्ह्यात माहिती कशी वाटलेली असते ते बघा. ग्राहक सांभाळणाऱ्याला माहीत असते की कंपनी सुदानची आहे, पण पैसे कोणत्या मार्गाने जातील ते त्याच्या हातात नसते. पेमेंट विभागातल्या मुलाला मार्ग माहीत असतो, ग्राहक माहीत नसतो. नियम पाळले जातात का ते पाहणाऱ्या अनुपालन विभागाने कधीतरी एक टिपण लिहिलेले असते, ते वरच्या समितीने "नोंद घेतली" म्हणून ठेवून दिलेले असते. कायदा विभागाने बाहेरच्या वकिलाचे मत घेतलेले असते. यातला एकेक माणूस न्यायालयात उभा केलात, तर तो खरेपणाने सांगेल की मला पूर्ण गोष्ट माहीत नव्हती. आणि तरीही बँकेला पूर्ण गोष्ट माहीत होती, कारण हे सगळे कागद एकाच संस्थेच्या कपाटांत होते.

१९८७ साली बँक ऑफ न्यू इंग्लंडच्या खटल्यात अमेरिकी अपील न्यायालयाने साधारण हेच म्हटले: एका कर्मचाऱ्याला एक भाग माहीत, दुसऱ्याला दुसरा, तर संस्थेचे ज्ञान म्हणजे त्यांची बेरीज. त्या खटल्यात एक ग्राहक दहा हजार डॉलरवरच्या रोखीची माहिती सरकारला द्यावी लागते ती मर्यादा चुकवण्यासाठी एकाच वेळी अनेक छोटे धनादेश देऊन रोख काढत होता. हे सगळे त्याच बँकेच्या काउंटरवर चालायचे. अनेक कायदेपंडितांना ही बेरीज पटत नाही. मला पटते, कारण मी तसल्या काउंटरच्या मागे काम केले आहे. माहितीचे तुकडे करून ठेवणे हा अनेकदा योगायोग नसतो, तशी रचनाच केलेली असते. त्या रचनेची जबाबदारी रचना करणाऱ्या संस्थेनेच घ्यायला हवी.

बीएनपीच्या सुदान व्यवहारांत मधे इतर देशांतल्या छोट्या बँका उभ्या केल्या होत्या. पैसा सुदानी बँकेकडून त्यांच्या खात्यात, तिथून डॉलरमध्ये पुढे. न्यूयॉर्कला दिसायची ती मधली बँक. अशी साखळी एखादा कारकून उभी करत नाही.

---

तळटीप

मी वकिली करतो, बँकिंगची कामे थोडीफार पाहिली आहेत. खतावणीताईंनी रस्ता दाखवला, मी मन कसे शोधतात तेवढे सांगतो, कारण देश बदलला की उत्तर बदलते.

अमेरिकेचा नियम सगळ्यांत रुंद आहे. १९०९ च्या न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वे खटल्यापासून तिथे असे मानतात की नोकराने नोकरीच्या ओघात, मालकाच्या फायद्यासाठी केलेला गुन्हा मालक कंपनीचाही गुन्हा. नोकर कितीही कनिष्ठ असो.

इंग्लंडचा नियम याच्या अगदी उलट अरुंद होता. १९७१ च्या टेस्को खटल्यापासून कंपनीचे "सूत्रचालक मन" असलेल्या व्यक्तीचाच हेतू कंपनीचा धरला जायचा. परिणाम कुठवर गेला पाहा: २००८ मध्ये कतारकडून भांडवल उभारताना दिलेल्या शुल्काबद्दल बार्कलेजवर आरोप ठेवले गेले. २०१८ मध्ये न्यायालयाने ते काढून टाकले, कारण त्या व्यवहारापुरते सर्वोच्च अधिकारीसुद्धा बँकेचे सूत्रचालक मन ठरत नव्हते; अंतिम अधिकार संचालक मंडळाकडे होते. म्हणजे बँक जितकी मोठी, तितकी ती सुरक्षित. हा अन्याय तिथल्या संसदेलाही दिसला. २०२३ च्या कायद्याने आर्थिक गुन्ह्यांसाठी वरिष्ठ व्यवस्थापकाचे कृत्य कंपनीचे धरायला सुरुवात झाली, आणि सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या संस्थांसाठी "फसवणूक रोखण्यात अपयश" हा स्वतंत्र गुन्हा लागू झाला. यात मन शोधावेच लागत नाही. तुमच्या माणसाने तुमच्या फायद्यासाठी फसवणूक केली, आणि ती रोखण्याची वाजवी व्यवस्था तुमच्याकडे होती हे तुम्ही दाखवू शकला नाहीत, एवढे पुरे.

जर्मनीत आजही कंपनीला फौजदारी गुन्हेगार ठरवता येत नाही. तिथे नियमभंगाच्या कायद्याखाली प्रशासकीय दंड होतो. फ्रान्सने १९९४ च्या नव्या दंडसंहितेत कंपनीची जबाबदारी आणली, आणि तिथे ती कागदावर राहिली नाही. स्वित्झर्लंडच्या यूबीएसला पॅरिसच्या न्यायालयाने २०१९ मध्ये ३.७ अब्ज युरो दंड केला, फ्रेंच श्रीमंतांना करचुकवेगिरीसाठी गाठल्याबद्दल. २०२१ च्या अपिलात एकूण बोजा १.८ अब्जांवर आला, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवून रक्कम पुन्हा ठरवायला सांगितली, आणि २०२५ मध्ये ८३.५ कोटी युरोंवर तडजोड झाली. मोठ्या देशांपैकी फक्त अमेरिकाच परदेशी बँकांच्या मागे लागते, हा समज यावरून दूर व्हावा.

भारतातला या विषयातला पायाभूत निकालही परदेशी बँकेच्याच प्रकरणातला आहे. स्टँडर्ड चार्टर्ड विरुद्ध अंमलबजावणी संचालनालय, २००५, पाच न्यायमूर्तींचे घटनापीठ. परकीय चलनाविषयीच्या जुन्या फेरा कायद्यात कैद आणि दंड दोन्ही सक्तीचे होते. बँकेचा युक्तिवाद असा की कंपनीला कैद करता येत नाही, मग कैद सक्तीची असलेल्या गुन्ह्यासाठी तिच्यावर खटलाच चालू शकत नाही. तीन विरुद्ध दोन मतांनी न्यायालयाने तो फेटाळला: कैद शक्य नसेल तर दंड करा, पण खटल्यातून सुटका नाही. असे झाले नसते तर गुन्हा जितका गंभीर तितकी कंपनी मोकळी, अशी अवस्था आली असती.

---

अनामिका

खतावणीताई, तळटीप, दोघांचे मनापासून आभार. "बँकेला पूर्ण गोष्ट माहीत होती" हे आता नीट समजले.

दोन शंका राहिल्या. जिची त्या देशात शाखाच नाही अशा बँकेवर खटला चालू शकतो का? आणि शाखा असेल तर गुन्हेगार शाखा की मुख्य बँक?

---

खतावणी

शाखा नसली तरी चालतो. वेगेलिन हे त्याचे उदाहरण. सेंट गॅलनची ही बँक १७४१ ची, स्वित्झर्लंडमधली सर्वांत जुनी. अमेरिकेत तिची एकही शाखा नव्हती. पण अमेरिकी ग्राहकांचे १.२ अब्ज डॉलर तिने करखात्यापासून लपवले होते, आणि त्यांना धनादेश द्यायचे असले की ते कनेक्टिकटमधल्या स्टॅमफर्ड इथल्या, दुसऱ्या एका स्विस बँकेतल्या तिच्या करस्पॉन्डंट खात्यातून निघायचे. तेवढे एक खाते पुरले. फेब्रुवारी २०१२ मध्ये आरोपपत्र आले, बँकेकडून कोणी हजर झाले नाही, आणि न्यायालयाने तिला फरारी घोषित केले. अडीचशेहून अधिक वर्षे जुनी बँक, आणि फरारी. जानेवारी २०१३ मध्ये गुन्हा कबूल करून ती बंद झाली.

त्या वेळी एक खरी अडचण होती. कंपनीला समन्स बजावायचे तर तिच्या अमेरिकेतल्या पत्त्यावर पाठवावे लागे, आणि जिचा तिथे पत्ताच नाही तिला कुठे पाठवणार? डिसेंबर २०१६ पासून तिथल्या फौजदारी प्रक्रियेचा नियम बदलला आणि परदेशात बजावण्याची सोय झाली. वर्गात हे जरूर सांगा. न्यायाची गाडी तत्त्वांपेक्षा पत्त्यावर अडते हे मुलांना कळायला हवे.

आता शाखा. शाखेला स्वतःचे कायदेशीर अस्तित्व नसते. ती म्हणजे तीच बँक, दुसऱ्या गावात. त्यामुळे शाखेत गुन्हा झाला तर आरोपी मुख्य बँकच. डान्स्के बँकेच्या एस्टोनियातल्या शाखेतून २००७ ते २०१५ मध्ये सुमारे २०० अब्ज युरोंचा संशयास्पद प्रवाह गेला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल करणारी होती ती कोपनहेगनची मूळ बँक. दोन अब्ज डॉलर. तो गुन्हा कोणता होता तेही पाहण्यासारखे आहे. एस्टोनियातले ग्राहक आणि त्यांच्यावर आपली देखरेख याबद्दल डान्स्केने अमेरिकी बँकांना खोटे सांगितले, आणि त्या विश्वासावर डॉलर खाती चालू ठेवली. म्हणजे फसवले ते न्यूयॉर्कच्या टेबलावरच्या माणसाला. मला या मांडणीचे फार महत्त्व वाटते. आम्ही जे प्रश्न विचारायचो त्यांची खोटी उत्तरे देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, असे कोणीतरी अखेर म्हटले.

उपकंपनीचे वेगळे. तिचे अस्तित्व स्वतंत्र, आणि तिथेच मोठ्या समूहांना आडोसा मिळतो. गोल्डमन सॅक्सने मलेशियाच्या १एमडीबी निधीसाठी साडेसहा अब्ज डॉलरचे रोखे विकले आणि सुमारे ६० कोटी शुल्क घेतले. रोख्यांतून आलेल्या पैशातला फार मोठा भाग चोरीला गेला. २०२० मध्ये अमेरिकेत दोषी ठरली ती मलेशियातली उपकंपनी. मूळ कंपनीला स्थगित खटल्याचा करार मिळाला: पैसे भरा, अटी पाळा, काही वर्षांनी आरोप मागे. इथे देशांच्या भूमिका उलट आहेत हे लक्षात घ्या. मलेशियाने २०१८ मध्येच या अमेरिकी समूहाच्या कंपन्यांवर फौजदारी आरोप ठेवले होते, आणि २०२० मध्ये अडीच अब्ज डॉलर रोख आणि १.४ अब्ज डॉलरच्या वसुलीची हमी यावर तडजोड केली. यजमान देश छोटा असला तरी तो गप्प बसेलच असे नाही.

---

रोखठोक

खतावणीताई, वाटलेल्या माहितीचा मुद्दा मला पटला. माझे ते वाक्य मी सौम्य करतो: माणसांवरही चालवा, संस्थेवरही चालवा.

पण ब्रिटनच्या एचएसबीसी बँकेचे काय? मेक्सिकोतल्या तिच्या शाखांत अमली पदार्थांच्या टोळ्या खिडकीच्या बरोब्बर मापाच्या खोक्यांतून रोकड भरत होत्या, हे अमेरिकी न्यायखात्यानेच सांगितले. किमान ८८ कोटी डॉलर असे धुतले गेले. २०१२ मध्ये १.९ अब्ज डॉलर भरून पाच वर्षांचा करार झाला. दोषसिद्धी नाही, एकही माणूस आरोपी नाही. पुढे २०१६ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीच्या अहवालातून कळले की सप्टेंबर २०१२ मध्ये ब्रिटनच्या अर्थमंत्र्यांनी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या प्रमुखांना पत्र लिहून आर्थिक अस्थैर्याची काळजी व्यक्त केली होती. छोट्या वेगेलिनला फरारी ठरवायचे आणि मोठीला करार द्यायचा, याला समान न्याय कसा म्हणावा?

---

खतावणी

याला समान न्याय म्हणता येत नाही. मी त्याचे समर्थन करणार नाही.

भीती कशाची होती ते मात्र सांगते. २००२ मध्ये आर्थर अँडरसन ही लेखापरीक्षण कंपनी दोषी ठरली आणि हजारो लोकांच्या नोकऱ्यांसह संपली. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी रद्द केली, तोवर वाचवायला काही उरले नव्हते. त्या आठवणीने सरकारी वकील कचरतात. बँकेच्या बाबतीत दोषसिद्धीने परवाना जाऊ शकतो, निवृत्तिवेतन निधी सांभाळण्याचा अधिकार जाऊ शकतो. म्हणूनच बीएनपी आणि क्रेडिट सुईसच्या वेळी दोषसिद्धी आणि नियामकांच्या सवलती यांचा मेळ आधी घातला गेला. २०१४ नंतर निदान एवढे सिद्ध झाले की मोठी बँक दोषी ठरूनही आर्थिक व्यवस्था कोसळत नाही. तो युक्तिवाद आता कोणी पुन्हा करू नये.

अनामिकाताईंनी विचारले होते की "गुन्हा" म्हणून वेगळे काय साधते. नियामकाच्या दंडात बँक बहुतेक वेळा काही मान्य न करता पैसे भरते. गुन्ह्याच्या कबुलीत तिला घटनांचे निवेदन सही करून द्यावे लागते, तारखा आणि रकमांसकट, आणि त्याच्याविरुद्ध पुढे बोलता येत नाही. बीएनपीच्या कबुलीनंतर सुदानमधून परागंदा झालेल्या लोकांनी न्यूयॉर्कमध्ये बँकेवर दिवाणी दावा लावला. ज्या राजवटीने आमची घरे जाळली तिला डॉलर पुरवलेत, असे त्यांचे म्हणणे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ज्युरीने तिघांच्या बाजूने दोन कोटी डॉलरहून अधिक भरपाई ठरवली. बँकेने तेव्हा अपिलाची घोषणा केली. पण २०१४ चे ८.९७ अब्ज अमेरिकेच्या तिजोऱ्यांत आणि निधींत गेले तेव्हा या लोकांच्या वाट्याला त्यातले थेट काही आले नव्हते, आणि ही गोष्ट मला दंडाच्या आकड्यापेक्षा जास्त छळते. गुन्हा निर्बंधांचा होता म्हणून इजा झालेला पक्ष अमेरिकी सरकार धरले गेले. निर्बंध ज्यांच्यासाठी घातले होते ती माणसे कागदावर कुठेच नव्हती.

हे वेगळ्या रीतीने करता येते. २०१५ मध्ये ब्रिटनमधला पहिला स्थगित खटल्याचा करार स्टँडर्ड बँकेशी झाला. टांझानिया सरकारचे ६० कोटी डॉलरचे कर्जरोखे उभारताना तिथल्या भगिनी बँकेने साठ लाख डॉलर एका स्थानिक कंपनीला दिले, सरकारी मर्जी मिळवण्यासाठी. लंडनच्या बँकेने ते रोखले नाही, हा गुन्हा. करारात दंडाबरोबर सत्तर लाख डॉलर टांझानियाला परत देण्याची अट होती: ते साठ लाख आणि वर व्याज. एका गरीब देशाच्या कर्जातून जे उचलले गेले ते त्याच देशात परत गेले. परदेशात धंदा करणाऱ्या बँकेवरच्या प्रत्येक खटल्यात पहिला प्रश्न हाच असायला हवा, असे माझे मत आहे.

---

अनामिका

सुदानच्या दाव्याबद्दल मला काहीच माहिती नव्हती. वर्गात आता हेच आधी सांगेन. शेवटचे एक: बँक जर परक्या सरकारच्याच मालकीची असेल तर?

---

तळटीप

तुर्कस्तानच्या हल्कबँकेने नेमका हाच बचाव घेतला. इराणच्या तेलाचे अब्जावधी डॉलर निर्बंधांतून सोडवल्याचा आरोप तिच्यावर २०१९ मध्ये ठेवला गेला. तिचे म्हणणे, मी सरकारी आहे, मला सार्वभौम संरक्षण आहे. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की परकीय सार्वभौम संरक्षणाचा १९७६ चा कायदा दिवाणी दाव्यांपुरता आहे, फौजदारी खटल्यात तो आड येत नाही. परंपरागत कायद्यातले संरक्षण मिळते का, हे तपासायला प्रकरण खाली पाठवले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तेही नाकारले. बँकिंग हा व्यापार आहे, राज्यकारभार नाही, हा या उत्तराचा गाभा. याच प्रकरणात एका उपमहाव्यवस्थापकावर वैयक्तिक खटला चालून २०१८ मध्ये त्याला ३२ महिन्यांची कैद झाली होती, तेव्हा रोखठोक यांची मागणीही अशक्य कोटीतली नाही.

---

खतावणी

अनामिकाताई, तासासाठी एक सुचवते. मुलांना कायदा सांगण्याआधी फळ्यावर एका पेमेंटचा रस्ता काढायला लावा: सुदानची कंपनी, तिची बँक, मधली छोटी बँक, जिनिव्हा, न्यूयॉर्क, आणि पैसे घेणारा. प्रत्येक टप्प्याखाली त्या टेबलावरच्या माणसाला संदेशात काय दिसते आणि काय दिसत नाही ते लिहायला सांगा. मग त्या मुलीलाच विचारा की यातल्या कोणी कोणाला फसवले, आणि कोणत्या देशात. खटला कुठे चालायला हवा ते ती स्वतः सांगेल. संदेशांचे नमुने हवे असतील तर निरोप पाठवा, नावे बदलून तयार करून देते.